अमेरिकी रेल्वे कंपन्यांचा राजकीय पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मालवाहतुकीचे बहुतेक रेल्वेमार्ग खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. मोठ्या कंपन्या सहा : युनियन पॅसिफिक (ओमाहा), बीएनएसएफ (फोर्ट वर्थ), सीएसएक्स (जॅक्सनव्हिल), नॉरफोक सदर्न (अटलांटा), आणि कॅनडातल्या दोन, कॅनेडियन नॅशनल व कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी. गाडीवर माणसे किती हवीत, ब्रेक कोणते लावायचे, दोन कंपन्यांना एक होऊ द्यायचे की नाही, हे सगळे वॉशिंग्टनमध्ये ठरते. त्यामुळे या कंपन्यांचा पैसाही तिथे पोहोचतो. पण तो एका वाटेने जात नाही. प्रत्येक वाटेचा कायदा वेगळा आणि नोंदीचे दप्तरही वेगळे. बातम्यांत या सगळ्याची एकच बेरीज मारली जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रेल्वे कंपनी उमेदवाराला थेट देणगी देऊ शकते का?

केंद्रीय निवडणुकीत नाही. अध्यक्षपदाच्या, सिनेटच्या किंवा प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला कंपनीच्या तिजोरीतून एक डॉलरही देता येत नाही. ही बंदी १९०७ च्या टिलमन कायद्यापासून आहे आणि तिच्यामागे रेल्वेचा जुना इतिहासही आहे. १८७२ मध्ये क्रेडिट मोबिलिए प्रकरण बाहेर आले. युनियन पॅसिफिकचा मार्ग बांधणाऱ्या या कंपनीचे शेअर काँग्रेस सदस्य ओक्स एम्स यांनी आपल्या सहकारी सदस्यांना सवलतीत वाटले होते. पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला मोठ्या उद्योगांचा पैसा मिळाला, त्यात रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन यांनी जमवलेला निधीही होता. त्यावरून जो गदारोळ झाला त्यातून टिलमन कायदा आला.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने ही बंदी उठली, असे अनेक जण समजतात. तसे झालेले नाही. त्या निकालाने कंपन्यांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करायची मुभा दिली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालातून सुपर पॅक, म्हणजे उमेदवाराला पैसे न देता स्वतंत्र प्रचारावर कितीही खर्च करू शकणाऱ्या समित्या, जन्माला आल्या. उमेदवाराच्या खात्यात कंपनीचा चेक आजही चालत नाही.

मग ‘अमुक रेल्वेने अमुक सिनेटरला इतके हजार दिले’ अशा बातम्या कशाच्या जोरावर येतात?

दोन गोष्टी एकत्र करून. पहिली म्हणजे कंपनीच्या पॅकने, म्हणजे राजकीय कृती समितीने, दिलेली रक्कम. दुसरी म्हणजे त्या कंपनीत नोकरीला असलेल्या माणसांनी आपापल्या खिशातून दिलेली रक्कम. देणगीदाराला आपला मालक आणि हुद्दा लिहून द्यावा लागतो. ओपनसीक्रेट्ससारख्या संस्था त्या नोंदींवरून कंपनीनिहाय बेरीज करतात आणि तसे स्पष्ट लिहितातही. बातमीत मात्र तेवढेच वाक्य गळते. एखाद्या सिग्नल अभियंत्याने आपल्या आवडत्या उमेदवाराला ३०० डॉलर दिले, तर ते ‘रेल्वेने दिले’ म्हणून छापले जाते.

तेव्हा असा आकडा दिसला की आधी पॅकचा भाग वेगळा काढा. कंपनीचा संस्थात्मक निर्णय तेवढाच असतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक देणग्या पाहाव्यात, पण वेगळ्या रकान्यात.

कंपनीचा पॅक नेमका कसा चालतो?

पॅकचे खाते कंपनीच्या खात्यापासून वेगळे असते. कंपनी त्याचा कारभारखर्च उचलू शकते : कार्यालय, हिशेबनीस, वकील, टपाल. देणगी म्हणून जाणारा पैसा मात्र माणसांच्या ऐच्छिक वर्गणीतूनच यावा लागतो, आणि एका माणसाला वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर देता येतात.

पॅक सहा महिने नोंदलेला असेल, ५० हून अधिक लोकांनी त्याला पैसे दिले असतील आणि त्याने किमान पाच केंद्रीय उमेदवारांना मदत केली असेल, तर त्याला ‘बहुउमेदवार’ दर्जा मिळतो. मग मर्यादा अशा :

- एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ५,००० डॉलर. पक्षांतर्गत प्राथमिक फेरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकूण १०,०००.
- पक्षाच्या राष्ट्रीय समितीला वर्षाला १५,००० डॉलर.
- दुसऱ्या पॅकला वर्षाला ५,००० डॉलर. नेत्यांचे स्वतःचे ‘लीडरशिप पॅक’ यातच मोडतात.

प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला दोन वर्षांत उमेदवार म्हणून १०,००० आणि त्याच्या लीडरशिप पॅकला दोन वर्षांचे मिळून आणखी १०,००० देता येतात. त्याच नेत्याच्या नावापुढे २०,००० दिसले की मर्यादा मोडली असे वाटते. मोडलेली नसते.

रेल्वे कंपन्यांच्या पॅकची नावे काय आहेत? शोधताना सापडत का नाहीत?

पॅकच्या नावात मूळ कंपनीचे पूर्ण नाव असणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे लघुरूपाने शोधले तर निकाल हुकतो. नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोघांचेही पॅक ‘गुड गव्हर्नमेंट फंड’ म्हणून नोंदलेले आहेत. युनियन पॅसिफिकचा ‘फंड फॉर इफेक्टिव्ह गव्हर्नमेंट’ आणि बीएनएसएफचा ‘रेलपॅक’. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर समितीच्या नावाने शोधा आणि एकदा समितीचा क्रमांक मिळाला की तोच वापरा. कंपनी नाव बदलते, विलीन होते, क्रमांक बहुधा तोच राहतो.

मी एखाद्या रेल्वे कंपनीत नोकरीला आहे. पॅकला पैसे देणे सक्तीचे आहे का? एच-१बी व्हिसावर असेन तर?

सक्ती करणे बेकायदा आहे. वर्गणी मागताना पॅकचा हेतू राजकीय आहे आणि नकार दिल्यास कुठलीही झळ बसणार नाही, हे दोन्ही सांगावे लागते. ‘सुचवलेली रक्कम’ लिहिलेली असेल तर ती निव्वळ सूचना आहे, कमीजास्त देता येते, हेही लिहावे लागते. कंपनी वर्षभर वर्गणी मागू शकते ती भागधारकांकडे, व्यवस्थापकीय व प्रशासकीय कर्मचाऱ्यांकडे आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे. इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदाच आणि तेही लेखी विचारता येते.

एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीसाठी देणगी द्यायची नाही. केंद्र, राज्य, नगरपालिका, तिन्ही आले. पॅकला नाही, उमेदवाराला नाही, आणि पॅकचा पैसा कुणाला द्यायचा या निर्णयातही भाग घ्यायचा नाही. ग्रीन कार्डधारकाला दोन्ही करता येते. अटलांटा, ओमाहा, डॅलस-फोर्ट वर्थ भागांत रेल्वेच्या आयटी विभागांत काम करणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावे. कंपनीचा सामूहिक ईमेल सगळ्यांना जातो, पगारातून कपात सुरू करायला दोन क्लिक पुरतात, आणि व्हिसाची स्थिती तिथे कुणी तपासतेच असे नाही. चुकून कपात सुरू झाली असेल तर पॅकच्या खजिनदाराला लेखी कळवून रक्कम परत मागावी. परतफेडीची नोंद हिशेबात येते आणि प्रकरण तिथेच मिटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आणखी एक : वर्षभरात एकूण २०० डॉलरहून जास्त दिले की तुमचे नाव, पत्ता, मालक आणि हुद्दा सार्वजनिक नोंदीत येतो. पगारातून दर पंधरवड्याला १० डॉलर गेले तरी वर्षाचे २६० होतात.

पैसा कुणाला जातो आणि का?

प्रतिनिधीगृहाची परिवहन व पायाभूत सुविधा समिती, सिनेटची वाणिज्य समिती, करांच्या समित्या आणि दोन्ही पक्षांचे नेतृत्व. शिवाय कंपनीचे यार्ड किंवा कार्यालय ज्यांच्या मतदारसंघात आहे ते सदस्य. रेल्वेचे पॅक दोन्ही पक्षांना देतात. नियमनाला विरोध करणाऱ्या पक्षाकडे कल जास्त असतो आणि बहुमत बदलले की वाटाही सरकतो. पॅक कुणाला निवडून आणण्यासाठी नसतात. जो निवडून येणारच आहे त्याच्या दारात उभे राहता यावे, यासाठी ते असतात. म्हणून देणगीचा आकडा पाहताना उमेदवाराच्या पक्षापेक्षा त्याची समिती पाहिलेली जास्त उपयोगाची.

लॉबिंगचा खर्च म्हणजे यातलाच भाग ना?

नाही, आणि सर्वांत महत्त्वाचा फरक इथेच आहे. लॉबिंग म्हणजे कायदा किंवा नियम घडवण्यासाठी काँग्रेस सदस्य, त्यांचे कर्मचारी आणि खात्यांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी केलेला संपर्क, व त्यामागची तयारी. हा पैसा राजकारण्यांना मिळत नाही. तो लॉबिस्टच्या पगारावर, बाहेरच्या फर्मच्या फीवर आणि कार्यालयावर खर्च होतो. तो कंपनीच्या तिजोरीतून जातो आणि त्याला कुठलीही कमाल मर्यादा नाही.

१९९५ चा लॉबिंग प्रकटन कायदा आणि २००७ ची त्यातली कडक दुरुस्ती यांनुसार तीन फॉर्म आहेत. एलडी-१ म्हणजे नोंदणी, ४५ दिवसांच्या आत. एलडी-२ म्हणजे तिमाही विवरण, तिमाही संपल्यापासून २० दिवसांत : २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर, २० जानेवारी. एलडी-२०३ म्हणजे कंपनीच्या, तिच्या पॅकच्या आणि प्रत्येक लॉबिस्टच्या देणग्यांचे सहामाही विवरण, ३० जुलै आणि ३० जानेवारीला. एकापेक्षा जास्त संपर्क केले आणि त्या ग्राहकासाठीच्या कामातला किमान २० टक्के वेळ लॉबिंगला दिला, तरच माणूस कायद्याने लॉबिस्ट ठरतो. २०२५ पासून पदरी लॉबिस्ट ठेवणाऱ्या कंपनीला तिमाहीत १६,००० डॉलरहून जास्त खर्च झाला की नोंदणी करावी लागते.

या २० टक्क्यांच्या अटीमुळे बरेच लोक यादीबाहेर राहतात. निवृत्त सिनेटर ‘धोरणात्मक सल्लागार’ म्हणून फी घेतो, कुणाला भेटायचे आणि काय बोलायचे ते सांगतो, स्वतः फोन करत नाही. त्याचे नाव कुठेच येत नाही.

एलडी-२ फॉर्म वाचायचा कसा?

वरून खाली या.

पहिल्या पानावर खर्चाचा आकडा असतो, जवळच्या १०,००० डॉलरला पूर्णांक केलेला. ५,००० च्या आत असेल तर नुसती खूण. त्याच्याशेजारी हिशेबाची पद्धत ए, बी किंवा सी निवडलेली असते. ती टिपून ठेवा, पुढे लागते.

नंतर विषयनिहाय पाने येतात. प्रत्येक विषयाला तीन अक्षरांचा संकेत असतो. रेल्वेमार्गांसाठी आरआरआर, करांसाठी टॅक्स, कामगारविषयक बाबींसाठी एलबीआर. संकेताखाली विधेयकांचे क्रमांक आणि थोडक्यात विषय. त्याखाली संपर्क केलेली संस्था : सिनेट, प्रतिनिधीगृह, परिवहन खाते. शेवटी लॉबिस्टची नावे आणि त्यांनी पूर्वी सरकारी पद भूषवले असेल तर ते.

काय नसते, तेही बघा. कोणत्या सदस्याला भेटले ते नसते. भेटीची तारीख नसते. कंपनी विधेयकाच्या बाजूने होती की विरोधात, ते नसते. एकूण खर्चातला किती कोणत्या विषयावर, तेही नसते. ‘रेल्वे सुरक्षा विधेयकाविरुद्ध कंपनीने इतके लाख ओतले’ असे कुणी लिहिले तर त्या वाक्यातला आकडा या फॉर्ममधून निघू शकत नाही, कारण त्याच तिमाहीत त्याच आकड्यात कर, ट्रकांचे वजन आणि कामगार करारही बसलेले असतात.

बेरीज करताना लोक कुठे चुकतात?

सर्वांत जास्त वेळा दुहेरी मोजणीत. समजा कंपनीने तिमाहीत ४,५०,००० डॉलर दाखवले आणि तिच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या फर्मने ६०,००० चे उत्पन्न दाखवले. बेरीज ५,१०,००० होत नाही. कंपनीच्या आकड्यात फर्मची फी आधीच धरलेली असते. फर्मचे विवरण पाहायचे ते कोणत्या फर्मला कोणत्या विषयावर ठेवले होते हे कळण्यासाठी.

दुसरी चूक दुरुस्त विवरणांची. कंपनीने मूळ फॉर्मनंतर दुरुस्ती दाखल केली तर दोन्ही यादीत दिसतात. शेवटचाच धरायचा.

तिसरी चूक पद्धतीची. पद्धत ए फक्त प्रकटन कायद्याच्या व्याख्येतला केंद्रीय खर्च धरते. पद्धत सी आयकर कायद्याच्या कलम १६२(ई) ची व्याख्या घेते, आणि तिच्यात राज्यांतले लॉबिंग व जनतेला ‘तुमच्या खासदाराला फोन करा’ असे सांगणाऱ्या मोहिमाही येतात. एक कंपनी ए वापरत असेल आणि दुसरी सी, तर त्यांची तुलना करून ‘दुप्पट खर्च’ वगैरे निष्कर्ष काढू नयेत. एकाच कंपनीची वर्षे एकमेकांशी ताडून पाहणे जास्त भरवशाचे, मधे पद्धत बदलली नसेल तर.

सार्वजनिक नोंदीत न दिसणारा पैसा कोणता?

पहिला, व्यापारी संघटनांची वर्गणी. अमेरिकी रेल्वेमार्गांची संघटना, म्हणजे एएआर, १९३४ पासून आहे आणि मोठ्या कंपन्या तिच्या सदस्य आहेत. संघटनेचा एकूण लॉबिंग खर्च तिच्या स्वतःच्या एलडी-२ मध्ये मिळतो, पण कोणत्या कंपनीने किती वर्गणी भरली ते त्यात नसते. ते कळले तर कंपनीने आपण होऊन जाहीर केले म्हणूनच. १९९३ च्या कायद्यापासून वर्गणीतला लॉबिंगचा हिस्सा करवजावटीला पात्र नाही, त्यामुळे संघटना सदस्यांना तो हिस्सा कळवते. म्हणजे आकडा कंपनीकडे असतोच. तो जाहीर न करण्यामागे हिशेबाची अडचण नसते.

दुसरा, ५०१(सी)(४) प्रकारच्या ना-नफा संस्था. त्यांना देणगीदारांची नावे जनतेपुढे ठेवावी लागत नाहीत.

तिसरा लपलेला नाही, पण वेगळ्या दप्तरात आहे : आयकर कायद्याच्या कलम ५२७ खालच्या राजकीय संघटना, जसे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नरांच्या संघटना. त्यांना कंपनी थेट, कितीही देऊ शकते. त्याची नोंद एफईसीकडे नाही, करखात्याकडे फॉर्म ८८७२ वर असते.

चौथा, समारंभ आणि वास्तू. अध्यक्षांच्या शपथविधी समितीला कंपन्यांचा पैसा चालतो, मर्यादेविना. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसने आपल्या नव्या बॉलरूमच्या देणगीदारांची यादी दिली, त्यात युनियन पॅसिफिकचे नाव होते. रक्कम दिलेली नव्हती. त्याआधी २९ जुलै २०२५ ला युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न ८५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला होता, आणि त्याला सरकारच्या भूपृष्ठ परिवहन मंडळाची परवानगी लागते. या दोन गोष्टींत देवाणघेवाण झाली असे कोणत्याही कागदावरून सिद्ध होत नाही. पण ज्याची परवानगी हवी त्या सरकारच्या वास्तूला देणगी द्यावी आणि रक्कम जनतेला कळू नये, ही व्यवस्था वाईट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मंडळापुढच्या विलीनीकरणाच्या सुनावणीसाठी वकील, अर्थतज्ज्ञ आणि लेखी निवेदनांवर होणारा खर्च लॉबिंगमध्ये धरला जात नाही, कारण जाहीर सुनावणीतली निवेदने कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. तसेच काँग्रेसपुढची साक्ष.

या पैशाचा प्रत्यक्ष परिणाम दाखवता येतो का?

‘इतके दिले म्हणून इतके मिळाले’ असे फार क्वचित. पण कोणत्या गोष्टी लांबल्या, हे दाखवता येते.

१२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ इथे प्रवासी गाडी आणि युनियन पॅसिफिकची मालगाडी समोरासमोर धडकून २५ जण गेले. महिन्याभरात काँग्रेसने कायदा करून पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल, म्हणजे चालकाने सिग्नल चुकवला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, बंधनकारक केली. मुदत २०१५ अखेर. २०१५ उजाडले तेव्हा काम पुरे झालेले नव्हते. कंपन्यांनी सांगितले की मुदत वाढवली नाही तर १ जानेवारीपासून विषारी रसायने आणि प्रवासी गाड्या आपल्या रुळांवरून नेणे बंद करू. २९ ऑक्टोबर २०१५ ला मुदतवाढ मिळाली, आधी २०१८ अखेरपर्यंत आणि अटी पाळल्यास २०२० पर्यंत. अडचणी सगळ्या खोट्या नव्हत्या. रेडिओ लहरींची उपलब्धता आणि हजारो अँटेना-खांबांच्या परवानग्या खरोखर रखडल्या होत्या. पण त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकची गाडी वळणावर ताशी १०६ मैलांनी गेली आणि आठ जण मेले. ती यंत्रणा तिथे चालू असती तर अपघात टळला असता.

दुसरे उदाहरण ईस्ट पॅलेस्टाइनचे. ३ फेब्रुवारी २०२३ ला ओहायोतल्या या गावात नॉरफोक सदर्नच्या ३२एन गाडीच्या ३८ वाघिणी घसरल्या, त्यांतल्या ११ घातक रसायनांच्या. कारण तापून निकामी झालेले चाकाचे बेअरिंग. वाटेतल्या तीन डिटेक्टरांनी ते मोजले होते : सेब्रिंगला बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त, दहा मैल पुढे सेलमला १०३, आणि आणखी सुमारे वीस मैलांवर ईस्ट पॅलेस्टाइनला २५३. कंपनीच्या नियमात ‘गंभीर’ इशाऱ्याची पातळी २०० होती. शेवटचा इशारा आला तेव्हा उशीर झाला होता. आता मुद्दा असा की हे डिटेक्टर किती अंतरावर असावेत आणि कोणत्या तापमानाला गाडी थांबवावी, याबद्दल केंद्रीय नियमच नव्हता. ते कंपन्यांवर सोडलेले होते. लॉबिंगचा परिणाम बऱ्याचदा अशा न झालेल्या नियमांत असतो, आणि म्हणून तो बातमीत सापडत नाही.

१ मार्च २०२३ ला शेरॉड ब्राऊन आणि जे. डी. व्हान्स या ओहायोच्या दोन्ही सिनेटरांनी मिळून रेल्वे सुरक्षा विधेयक, एस. ५७६, मांडले. मे महिन्यात ते सिनेटच्या वाणिज्य समितीतून १६ विरुद्ध ११ मतांनी पुढे गेले. त्यानंतर सभागृहात त्यावर मतदान झालेच नाही. २०२३ आणि २०२४ च्या एलडी-२ फॉर्मांत आरआरआर संकेताखाली हा क्रमांक शोधा. त्यावर किती कंपन्या आणि संघटना काम करत होत्या, ते पानोपानी दिसते.

ब्रेकचा नियम लॉबिंगमुळे रद्द झाला आणि म्हणून ईस्ट पॅलेस्टाइन घडले, हे खरे का?

पहिला अर्धा भाग बराचसा खरा, दुसरा नाही. २०१५ च्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या नियमाला उद्योगाने कडाडून विरोध केला होता आणि २०१८ मध्ये तो मागे घेतला गेला. पण तो ज्वलनशील द्रवांच्या ७० किंवा जास्त भरलेल्या टाक्यांच्या गाड्यांना लागू होणार होता. ३२एन मिश्र मालगाडी होती आणि त्या वर्गात बसत नव्हती. हा दावा अजून फिरतो, आणि तो खोडून काढणे कंपनीला सोपे जाते. टीका करायची तर अचूक करावी.

एवढ्या थोड्या पैशात एवढा प्रभाव कसा?

नॉरफोक सदर्नने २०२२ मध्ये केंद्रीय लॉबिंगवर सुमारे १८ लाख डॉलर दाखवले. त्या वर्षी तिचे उत्पन्न सुमारे १२.७ अब्ज डॉलर होते. दर १०,००० डॉलर उत्पन्नामागे साधारण १ डॉलर ४० सेंट. याचे उत्तर पैशाच्या आकारात शोधू नये. मालगाड्यांच्या वजनावरचा किंवा कर्मचारीसंख्येवरचा मसुदा वाचून त्यातले तांत्रिक परिणाम सांगणारा माणूस काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात क्वचितच असतो. कंपनीचा लॉबिस्ट ते सांगतो, आकडेवारी देतो, दुरुस्तीचा मजकूरही लिहून देतो. तेवढे मनुष्यबळ अपघातग्रस्त गावाकडे कुठून येणार?

कामगार संघटनाही पैसे देतातच ना?

देतात. स्मार्ट-टीडी आणि बीएलईटी या रेल्वे कामगार संघटनांचे पॅक आहेत, संघटनेच्या तिजोरीवर तीच केंद्रीय बंदी आहे, मर्यादाही त्याच. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने संप रोखून रेल्वे कामगारांवर करार लादला, तेव्हा सात दिवसांच्या भरपगारी आजारपणाच्या रजेचा ठराव प्रतिनिधीगृहात २२१ विरुद्ध २०७ ने मंजूर झाला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मते पडली, पण लागत होती ६०, म्हणून तो पडला. देणग्या दोन्हीकडून जातात, एवढ्यावरून पारडी समान धरू नयेत.

राज्यांत काय नियम आहेत?

राज्यागणिक वेगळे. टेक्ससमध्ये कंपनीने उमेदवाराला द्यायला बंदी. व्हर्जिनियात कंपनी उमेदवाराला थेट देऊ शकते आणि रकमेला मर्यादाच नाही. नॉरफोक सदर्नचे मुख्यालय अटलांटाला जाण्याआधी व्हर्जिनियातच होते. रेल्वेचे जाळे वीसेक राज्यांत पसरलेले असेल तर वीस दप्तरे चाळावी लागतात. क्रॉसिंग अडवून उभ्या राहणाऱ्या गाड्या, गाडीची लांबी, कर्मचारीसंख्या, असे प्रश्न राज्यांत पेटतात, म्हणून हा कंटाळवाणा भाग सोडू नका.

कॅनडातल्या दोन कंपन्यांचे काय?

कॅनडात केंद्रीय पातळीवर कंपन्या व कामगार संघटनांच्या देणग्यांवर २००७ पासून पूर्ण बंदी आहे. लॉबिंगच्या नोंदीत तिथे खर्चाचा आकडा द्यावा लागत नाही, पण कोणत्या वरिष्ठ अधिकाऱ्याशी कोणत्या तारखेला बोलणे झाले ते दरमहा नोंदवावे लागते. अमेरिकेच्या बरोबर उलट. दोन्ही एकत्र असते तर फार बरे झाले असते. या कंपन्यांच्या अमेरिकी शाखा पॅक चालवू शकतात, मात्र पैसा आणि निर्णय अमेरिकी नागरिकांचा किंवा ग्रीन कार्डधारकांचा हवा.

भारतात असे काही आहे का?

भारतीय रेल्वे सरकारी खाते आहे, त्यामुळे प्रश्नच येत नाही. कोकण रेल्वे महामंडळासारख्या सरकारी कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ ने राजकीय देणगीची मनाई आहे. खासगी कंपनीला संचालक मंडळाच्या ठरावाने थेट पक्षाला देता येते. लॉबिंगच्या खर्चाचे विवरण मागणारा केंद्रीय कायदा भारतात नाही.

माझ्याकडे रेल्वे कंपनीचे शेअर आहेत. मी काय करू शकतो?

वार्षिक सभेसाठी ठराव मांडता येतो. अट अशी : २,००० डॉलरचे शेअर सलग तीन वर्षे, किंवा १५,००० चे दोन वर्षे, किंवा २५,००० चे एक वर्ष. मजकूर ५०० शब्दांत. सोबत ब्रोकरचे मालकीचे पत्र लागते आणि याच पत्रातल्या तारखांच्या चुकीमुळेही ठराव फेटाळले जातात, म्हणून पत्रात ‘ठराव सादर केल्याच्या दिवसापर्यंत सलग’ हे असल्याची खात्री करा. म्युच्युअल फंडातून गुंतवणूक असेल तर मत फंडाचे, तुमचे नाही. बीएनएसएफ २०१० पासून बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे, तेव्हा तिथे ठराव मूळ कंपनीकडेच.

असे ठराव बंधनकारक नसतात, तरी निष्फळही नसतात. मे २०२१ मध्ये नॉरफोक सदर्नच्या भागधारकांनी कंपनीचे लॉबिंग पॅरिस हवामान कराराशी सुसंगत आहे का, याचा अहवाल मागणारा ठराव सुमारे ७६ टक्के मतांनी मंजूर केला. व्यवस्थापनाच्या सल्ल्याविरुद्ध इतकी मते क्वचित पडतात.

एका कंपनीचे एका वर्षाचे चित्र उभे करायचे तर क्रम कोणता?

आधी एफईसीवर पॅकचा क्रमांक घ्या आणि फॉर्म ३एक्सचे परिशिष्ट ए (आलेला पैसा) व बी (गेलेला पैसा) उतरवा. न वटलेले चेक उणे रकमेने दिसतात, ते वजा करा. मग सिनेटच्या लॉबिंग संकेतस्थळावर कंपनी ‘नोंदणीकर्ता’ म्हणून शोधून चार तिमाही विवरणे घ्या, आणि तेच नाव ‘ग्राहक’ म्हणून शोधून बाहेरच्या फर्म टिपा. एएआरची विवरणे वेगळी ठेवा. त्यानंतर करखात्याचा फॉर्म ८८७२, मग राज्ये. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावरचा राजकीय खर्चाचा अहवाल उघडा आणि तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा. अहवालात व्यापारी संघटनांची वर्गणी अमुक रकमेच्या वर असेल तरच दिलेली असते, आणि ती रक्कम कंपनी स्वतः ठरवते. आधी ती तळटीप वाचा.